फावल्या वेळांत संगणकाची भाषा

मनुष्यानें मनुष्याशीं बोलावें म्हणून ज्या भाषा उत्पन्न झाल्या त्या कोणी एकानें ठरवून केलेल्या नाहींत. पिढ्यान् पिढ्या वापरांत राहून त्या वाढत गेल्या. संगणकाच्या भाषांचें तसें नाहीं. त्या माणसांनीं बसून, विचार करून ठरविलेल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकींचा कर्ता, सन व स्थळ आपणांस सांगतां येतें. फोरट्रान ही भाषा अमेरिकेंत जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं १९५७ सालीं पुरी केली. बेसिक ही केमेनी व कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनीं १९६४ सालीं डार्टमथ कॉलेजांत केली. शास्त्र न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसही संगणक वापरतां यावा हा त्यांचा हेतु. सी ही डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत घडविली. आणि ज्या भाषेविषयीं या लेखांत विशेष सांगावयाचें आहे ती पायथॉन तर चक्क सुटींत जन्मली. ॲमस्टरडॅम येथील एका संशोधन-संस्थेंत काम करणाऱ्या गीडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या नाताळच्या सुटींत, हातास कांहीं उद्योग असावा म्हणून, ती लिहावयास घेतली व १९९१ च्या फेब्रुवारींत लोकांपुढें ठेविली. तिचें नांव अजगरावरून पडलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें इंग्लंडांतील एका विनोदी नटमंडळीच्या नांवावरून घेतलेलें आहे. जी भाषा कर्त्यानें फावल्या वेळांत करावयास घेतली ती विद्यार्थ्यास फावल्या वेळांत शिकतां येणार नाहीं असें मानण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

पालकांच्या मनांत मात्र निराळें चित्र असतें. चुडावा हें परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील गांव. लोहमार्गानें गेल्यास एका अंगास पूर्णा जंक्शन, दुसऱ्या अंगास नांदेड. मुलास किंवा मुलीस प्रोग्रॅमिंग शिकवावयाचें म्हणजे नांदेडास क्लास लावावा लागणार, फी भरावी लागणार, जाण्यायेण्यांत दिवस मोडणार, आणि इंग्रजी कच्चें असलें तर हा सारा खर्च पाण्यांत जाणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. चांगला शिक्षक मिळाला तर वाट सुगम होते हें कोण नाकारील? परंतु शिक्षक नाहीं म्हणून वाटच नाहीं असें समजून जो मुलगा थांबतो, त्याचें नुकसान क्लासच्या फीहून पुष्कळ मोठें होतें.

प्रथम या भाषेची व्याप्ति पाहूं. मराठी किंवा इंग्रजी शिकणाऱ्यास हजारों शब्द पाठ करावे लागतात. पायथॉनचे राखीव शब्द फक्त ३५ आहेत, आणि सीचे, १९८९ सालीं तिचें प्रमाण ठरलें तेव्हां, ३२ होते. पायथॉनचे पस्तीसांपैकीं कांहीं येथेंच सांगतों: इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहींतर, व्हाइल म्हणजे जोंपर्यंत, अँड म्हणजे आणि, ऑर म्हणजे किंवा, नॉट म्हणजे नव्हे. यांखेरीज प्रिंट, इनपुट अशीं तयार कामांचीं नांवें लागतात. तींही आरंभीं दहाबारांपलीकडे नसतात. ज्यास इंग्रजी पांचवींतला धडा अडखळत वाचतां येतो त्यास एवढे शब्द आठवडाभरांत डोळ्यांपुढें ओळखीचे होतात. राहिलीं नांवें. आपण यंत्रास जीं मापें व आंकडे सांभाळावयास देतों त्यांस आपण नांव देतों, आणि तीं नांवें २००८ सालच्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरींतही देतां येतात. ‘एकर’, ‘गुंठे’, ‘भाव’, ‘वजन’ हीं नांवें यंत्र मुकाट्यानें स्वीकारतें. एवढेंच नव्हे, तर प्रोग्रॅम चालूं असतां त्यानें आंकडा विचारला व आपण देवनागरी अंकांत उत्तर टाइप केलें, तरी तो आंकडा त्यास कळतो. फक्त प्रोग्रॅमच्या मजकुरांतील अंक इंग्रजी पाहिजेत. इंग्रजी शिकूं नये असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. पुढील पुस्तकें इंग्रजींतच आहेत व इंग्रजी ओघानें सुधारावेंच लागेल. पण उंबरठ्यावरच अडखळावें एवढी ती अडचण खास नाहीं.

मग अवघड काय आहे? अवघड आहे तें आपल्या मनांतील काम पायरीपायरीनें, एकही पायरी न गाळतां सांगणें. माणूस न सांगितलेलें समजून घेतो. यंत्र घेत नाहीं. याचें एक उदाहरण आपल्याच शेतांतून घेऊं व तें जरा सविस्तर पाहूं, कारण या विषयाचें मर्म त्यांतच आहे.

सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीचें क्षेत्र हेक्टर व आर यांत असतें. घरांत, बांधावर व बाजारांत मात्र सर्वजण एकर व गुंठे बोलतात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. अशा ४० गुंठ्यांचा एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. गुंठ्याचे चौरस मीटर केले तर ते १०१.१७१४ इतके भरतात. आतां उताऱ्यावरील क्षेत्र विचारून एकर-गुंठे सांगणारा प्रोग्रॅम लिहावयाचा आहे. आठवींतल्या मुलास हें गणित येतें. हेक्टरांस दहा हजारांनीं गुणावें, आरांस शंभरांनीं गुणावें, दोहोंची बेरीज करावी, ती १०१.१७१४ नें भागली कीं एकूण गुंठे मिळाले. त्यांस चाळिसांनीं भागलें कीं भागाकार तो एकर व बाकी ते गुंठे. वहींत या पांच-सहा ओळी होतात, आणि प्रोग्रॅमही पांच-सहा ओळींचाच होतो.

तो प्रथमच बरोबर चालेल अशी अपेक्षा मात्र धरूं नये. यंत्रानें विचारलें, आपण हेक्टर म्हणून १ टाइप केला. पायथॉन त्या १ कडे आंकडा म्हणून पाहत नाहीं. तें त्याच्या मतें एक अक्षर असतें. त्यास दहा हजारांनीं गुणा असें सांगितलें कीं तें तो १ दहा हजार वेळां ओळीनें लिहून काढतें! पडदा एकांनीं भरून गेला म्हणजे पहिल्यांदा हसूं येतें, मग राग येतो, आणि मग कळतें कीं अक्षर व आंकडा या दोन वस्तु निराळ्या आहेत, व अक्षराचा आंकडा करण्यास ‘इंट’ हें काम सांगावें लागतें. ही गोष्ट पुस्तकांत वाचलेली विसरते. पडद्यावर पाहिलेली विसरत नाहीं.

ती दुरुस्ती झाली. आतां १ हेक्टर २० आर देऊन पाहूं. एकूण गुंठे होतात ११८.६, म्हणजे २ एकर ३८.६ गुंठे. गुंठ्याचा अपूर्णांक कोणी बोलत नाहीं, म्हणून जवळचा पूर्ण आंकडा घेण्यास सांगितलें, आणि उत्तर आलें २ एकर ३९ गुंठे. ठीक. विद्यार्थी खूष होऊन वडिलांस दाखवितो. वडील शेजारच्या गटाचें क्षेत्र सांगतात: १ हेक्टर २१ आर. उत्तर येतें, २ एकर ४० गुंठे. वडील म्हणतात, ‘चाळीस गुंठे म्हणजे एकर, मग तीन एकर म्हण कीं!’ जें खेड्यांतला कोणीही शेतकरी पापणी लवण्यापूर्वीं सांगेल तें यंत्रास कळलें नाहीं. कां? तर एकूण गुंठे ११९.६ होते; त्यांतून आपण आधीं दोन एकर वेगळे काढले, उरलेले ३९.६ गुंठे, आणि मग त्या उरलेल्यांचा पूर्णांक केला, तो चाळीस झाला. हाच पूर्णांक आधीं केला असता, म्हणजे ११९.६ चे १२० केले असते व नंतर एकर काढले असते, तर तीन एकर शून्य गुंठे असें निमूट उत्तर आलें असतें. दोन्ही प्रोग्रॅमांतील ओळी त्याच. फक्त एकीची जागा बदलली. गणिताच्या वहींत हा क्रम चुकला तरी शिक्षक ‘तीन एकर’ असें मनांत वाचून बरोबरची खूण करतात. यंत्र मनांत कांहीं वाचत नाहीं.

याच उदाहरणांत आणखी एक खांच आहे. कोणी ‘१.२० एकर’ असें लिहून देतो तेव्हां त्याच्या मनांत १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर, असतो. यंत्र मात्र तो दशांश अपूर्णांक समजतें. त्याच्या हिशेबीं १.२० म्हणजे एक एकर व एक पंचमांश, म्हणजे ४८ गुंठे. ६० गुंठ्यांचे ४८ झाले, बारा गुंठे नाहींसे झाले, आणि यंत्रानें चूक म्हणून एक अक्षर काढलें नाहीं. उताऱ्यावरील ‘१.२० हेक्टर’ मात्र तसाच वाचला तरी चालतो, कारण हेक्टराचे आर शंभरच असतात. ठिपका तोच, पण एके ठिकाणीं त्याचा अर्थ दशमान आहे व दुसऱ्या ठिकाणीं नाहीं. हा भेद प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास ठाऊक पाहिजे. तो भाषेच्या कोणत्याही पुस्तकांत सांगितलेला नसतो. म्हणून आम्हांस वाटतें कीं, खेड्यांतील विद्यार्थी या विद्येंत मागें पडतो ही समजूत पुरती खरी नाहीं. ज्या कामाची यंत्रास आज्ञा द्यावयाची तें काम त्याच्या घरांत रोज चाललेलें असतें.

आतां चुकांविषयीं थोडें. चुकांचे प्रकार तीन. पहिली व्याकरणाची चूक: कंस मिटला नाहीं, अवतरणचिन्ह राहिलें, ओळ जेथें आंत सरकावयास हवी तेथें सरकली नाहीं. पायथॉनमध्यें ओळीच्या आरंभीं सोडलेल्या जागेसही अर्थ आहे हें येथें सांगितलें पाहिजे. ‘जर’ या अटीखालीं कोणकोणत्या ओळी येतात तें त्या जागेवरूनच ठरतें. ही चूक असली तर प्रोग्रॅम चालावयासच लागत नाहीं. यंत्र ‘सिंटॅक्स एरर’ अशा नांवानें ओळीचा क्रमांक देऊन थांबतें. दुसरी, चालतां चालतां अडण्याची: ठेवलेलें नांव एक व वापरलेलें दुसरें, किंवा अक्षराला आंकड्यानें भागा असें सांगितलें. येथेंही यंत्र ‘नेम एरर’, ‘टाइप एरर’ असें नांव घेऊन ओळ दाखवितें. तिसरी चूक अर्थाची, वर बारा गुंठ्यांची पाहिली ती. तिच्यांत यंत्र गप्प असतें. पहिल्या दोहोंस मुलें भितात, आणि भिऊं नये तें नेमकें त्यांसच. लाल अक्षरांत आलेला तो मजकूर म्हणजे रागावणें नव्हे. शिक्षकानें वहींत केलेली ती खूण आहे, आणि असा शिक्षक आहे कीं तो क्षणांत वही तपासतो, रात्रीं अकरालाही तपासतो, व शंभराव्या वेळींही कंटाळत नाहीं. मजकुराची शेवटची ओळ आधीं वाचावी, मग क्रमांकाची ओळ पाहावी. तेथें कांहीं न सांपडल्यास तिच्या वरची ओळ पाहावी. कंस बहुधा वरच्या ओळींत उघडा राहिलेला असतो.

स्वतः भाषा शिकणाऱ्यास पूर्वीं हा लाभ नव्हता. विल्यम केरी हे इंग्लंडांत जोडे शिवण्याचा धंदा करीत असतां मिळेल त्या वेळांत ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच अशा भाषा बव्हंशीं स्वतःच शिकले, आणि पुढें बंगालमधील सेरामपूर येथें राहून त्यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून काढलें. महाराष्ट्रांत न राहतां मराठीचें व्याकरण लिहावयाचें तर चुका सांगावयास कोणी जाणता पाहिजे. त्यांना पंडित वैजनाथ लाभले. ज्यास असा पंडित लाभत नसे तो वर्षानुवर्षें चुकीचेंच बोलत राही व त्यास त्याचा पत्ताही नसे. संगणकाची भाषा शिकणाऱ्याजवळ निदान व्याकरणाच्या चुकांपुरता तरी पंडित चोवीस तास उभा आहे. व्याकरणावरून आठवलें: संगणकाच्या भाषांचे नियम मांडण्याची एक सुटसुटीत रीति बॅकस व नाउर यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. ती रीति पाणिनीनें अष्टाध्यायींत वापरलेल्या रीतीशीं इतकी मिळतीजुळती आहे कीं, १९६७ सालीं इंगर्मन या संशोधकानें तीस पाणिनीचेंही नांव द्यावें असें सुचविलें होतें. संस्कृताच्या तासास कंटाळणाऱ्या मुलांनीं हें ध्यानीं घ्यावें.

साधनांचा प्रश्न उरतो. पायथॉन विनामूल्य आहे. ती उतरवून घेण्यास पैसा पडत नाहीं व जुन्या, मंद संगणकावरही ती चालते. संगणक नसला तर मोबाइलवर ती चालविणारीं ॲप्स मिळतात. बोटांनीं कंस व अवतरणें शोधणें कष्टाचें आहे, पण अशक्य नाहीं. आणि मोबाइलही घरांत एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतांत, अशी स्थिति असली तर वही आहे. वहींत प्रोग्रॅम चालविण्याची रीति फार जुनी व फार उपयोगी आहे. पानावर प्रोग्रॅम लिहावा, शेजारीं प्रत्येक नांवाचा एक रकाना आंखावा, आणि आपण स्वतः यंत्र होऊन एकेक ओळ वाचावी. ‘एकूण गुंठे’ या रकान्यांत ११९.६ लिहिले, पुढल्या ओळीनें ते बदलले, म्हणून खोडून १२० लिहिले. जें ओळींत लिहिलें असेल तेंच करावयाचें. मनांत होतें तें करावयाचें नाहीं. असे दोन प्रोग्रॅम वहींत चालविल्यावर संध्याकाळीं अर्धा तास यंत्र मिळालें तरी तो अर्धा तास सबंध उपयोगी पडतो. आमच्या मतें तर यंत्र दिवसभर हातांत असणाऱ्या मुलाहून हा मुलगा पुष्कळदां पुढें जातो, कारण पहिला विचार न करतां बोटें चालवितो.

मराठींतून ऐकून शिकावयाचें असेल तर मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानें चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाचा उल्लेख केला पाहिजे. भारत सरकारच्या शिक्षण खात्याच्या साहाय्यानें तो उभा राहिला. त्याचे पाठ सुमारें दहा-दहा मिनिटांचे असतात, शिक्षकावांचून शिकतां यावें अशाच बेतानें ते केलेले आहेत, आणि आपल्या देशांतील अनेक भाषांत, मराठींतही, त्यांचें भाषांतर झालें आहे. त्यांची एक युक्ति विचार करण्याजोगी आहे. बोलणें तेवढें मराठींत केलेलें असतें. पडद्यावरील मजकूर इंग्रजीच ठेवलेला असतो. म्हणजे समज मातृभाषेंत येते, आणि पुढें नोकरींत किंवा कॉलेजांत जो पडदा दिसावयाचा तो अनोळखी राहत नाहीं. पाठ कसा घ्यावयाचा हेंही त्यांनीं ठरवून दिलें आहे: एका बाजूस पाठ चालूं ठेवावयाचा, दुसऱ्या बाजूस आपली खिडकी उघडून तेंच स्वतः करावयाचें, मागें पडलों तर पाठ थांबवावयाचा.

हें शेवटलें अत्यंत महत्त्वाचें आहे. पाठ नुसते पाहणें म्हणजे शिकणें नव्हे. पोहणाऱ्यास कांठावरून पाहणाऱ्याचें अंग कोरडेंच राहतें. दहा पाठ एका बैठकींत पाहिले व सर्व समजलें असें वाटलें, कीं विद्यार्थ्यानें दुसऱ्या दिवशीं कोऱ्या पानावर त्यांतील सर्वांत लहान प्रोग्रॅम न पाहतां लिहून पाहावा. जें लिहितां आलें तेवढेंच आलें. तसेंच दुसऱ्याचा तयार प्रोग्रॅम उतरवून चालविण्यांतही कांहीं हांशील नाहीं, जोंवर त्यांतली एक तरी ओळ आपण बुद्ध्या बदलून काय होतें तें पाहिलें नाहीं.

वेळेविषयीं पालकांचा आक्षेप रास्त आहे. दहावीच्या मुलानें जानेवारी ते मार्च हा उद्योग बंदच ठेवावा. एरव्हीं आठवड्यांतून चार दिवस अर्धा-अर्धा तास पुरे. रविवारीं सहा तास बसून सहा दिवस हात न लावणाऱ्याची गति खुंटते, कारण प्रत्येक रविवारीं मागचें अर्धें पुन्हां शिकावें लागतें. दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी या कामास उत्तम. आणि घरांतील वडील माणसांस पायथॉनचें अक्षर येत नसलें तरी त्यांचा उपयोग मोठा आहे: त्यांनीं रोज एक हिशेब द्यावा. दुधाचा रतीब, कापसाचें वजन व भाव, मजुरांची हजेरी, बचत गटाचें व्याज, जें असेल तें. उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें त्यांना अनुभवानें कळतें, आणि तिसऱ्या प्रकारची चूक पकडण्यास तोच अनुभव लागतो.

कांहीं वाचक विचारतील कीं, आतां तर यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतें, मग शिकावें कशाला? ही शंका खरी आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आलें, तेव्हांपासून मराठींत चार वाक्यें लिहिलीं तरी पायथॉनचा तयार प्रोग्रॅम हातीं येतो, आणि पुष्कळदां तो चांगलाही असतो. परंतु ‘१.२० एकर’ म्हणजे तुमच्या गांवीं दीड एकर हें त्यास कोणी सांगावयाचें? तें न सांगतां लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमनें बारा गुंठे गमावले तर तें कोणाच्या लक्षांत यावयाचें? ज्यास ओळ वाचतां येते त्याच्याच. विकतचा कपडा घेणाऱ्यासही मापें घेतां आलीं पाहिजेत. शिकणाऱ्यानें अशा यंत्राचा उपयोग एवढाच करावा: आपली चूक सांपडेना, तासभर डोकें घातलें, तेव्हां ती ओळ दाखवून कारण विचारावें, आणि मिळालेलें कारण आपल्या शब्दांत वहींत लिहावें.

एक भाषा नीट आली कीं दुसरी फार थोड्या दिवसांत येते. अट, फेरा, नांव दिलेला आंकडा, वेगळें काढून ठेवलेलें काम, हीं सर्वच भाषांत असतात. फेरा म्हणजे रहाटगाडग्यासारखें तेंच काम पुन्हां पुन्हां. बदलतात तीं चिन्हें व कांहीं रीति. सी भाषेंत वाक्य संपलें कीं अर्धविराम पाहिजे, आणि प्रत्येक नांवांत कोणत्या जातीचा आंकडा राहणार हें आधीं जाहीर करावें लागतें. पायथॉनमध्यें ७ ला २ नीं भागा म्हटलें तर साडेतीन मिळतात. सीमध्यें दोन्ही पूर्णांक असले तर तीनच मिळतात, वरचा अर्धा टाकून दिला जातो. पायथॉनमध्यें तसें हवें असल्यास दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात. म्हणून नवी भाषा घेतांना पुस्तक पहिल्या पानापासून वाचीत बसण्यापेक्षां आपला जुना प्रोग्रॅमच त्या भाषेंत पुन्हां लिहावा. हेक्टर-आराचा प्रोग्रॅम सीमध्यें लिहिला कीं त्या दोन भाषांतील निम्मे भेद एका संध्याकाळीं समोर येतात.

ज्या विद्यार्थ्यांनीं इथवर वाचलें त्यांच्यासाठीं एक काम देऊन ठेवतों. तोच १ हेक्टर २० आरांचा गट तीन भावंडांत सारखा वांटावयाचा आहे. बहीण एक, भाऊ दोन, आणि हिस्सा तिघांचा सारखाच. प्रत्येकास ४० आर आले. आपला दुरुस्त केलेला प्रोग्रॅम ४० आरांचे ३९.५४ गुंठे करतो, त्यांचे पूर्ण ४० धरतो आणि उत्तर देतो, १ एकर. तिघांचे मिळून तीन एकर झाले, म्हणजे १२० गुंठे. पण सबंध गटास तोच प्रोग्रॅम २ एकर ३९ गुंठे, म्हणजे ११९ गुंठे, सांगतो. जमीन तीच, प्रोग्रॅम तोच, व्याकरणाची चूक एकही नाहीं. हा एक गुंठा कोठून आला, आणि तो वांटणीच्या कागदावर येऊं नये म्हणून प्रोग्रॅममध्यें कोणती ओळ कोठें घालावी, हें प्रथम वहींत सोडवावें, मग यंत्रावर.